नऊ फोटो, नावं तीन

रामराम भाऊ. यावलकडून तुम्ही नऊ फोटो पाठवलेत आणि खाली लिहिलंय, "प्रत्येक माशीची जात सांगा. ॲप दर वेळी वेगळं नाव दाखवतं आणि दुकानदार सगळ्यांवर एकच औषध देतो." नवांपैकी तिघींची जात मी सांगतो. बाकीच्यांचं कुळ किंवा वंश, म्हणजे जातीच्या वरचा गट, सांगेन आणि तिथेच थांबेन. वीस वर्षं माश्याच बघणाऱ्या माणसाला एवढंच येतं का, असं तुम्हाला वाटेल. पण जगात माश्या-डासांच्या दीड लाखांच्या आसपास जातींना नावं दिली गेली आहेत, एकट्या भारतात सहा हजारांच्या वर. त्यातल्या बऱ्याच जातींमधला फरक तांदळाच्या दाण्याएवढ्या अंगावरच्या चार केसांत असतो. मोबाइलने ते केस टिपलेच नसतील, तर मी ते आणू कुठून?

कारल्याच्या फोटोपासून सुरुवात करतो, कारण तिथे मी स्वतः आपटलोय.

काही वर्षांपूर्वी चोपड्याकडच्या एका शेतकऱ्याने असाच कारल्यावरच्या माशीचा फोटो पाठवला होता. भर उन्हात, बाजूने काढलेला. पिवळसर तपकिरी अंग, पोटाच्या टोकाला अंडी घालायची नळी. म्हणजे फळमाशीची मादी, यात शंका नव्हती. मी घाईत लिहून टाकलं, बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, म्हणजे आंबा-पेरूवरची माशी, नरांना वासाने ओढणाऱ्या मिथाईल युजेनॉलचे सापळे लावा. आठ दिवसांनी त्याचा फोन आला, "सर, डबे भरले!" डबे भरलेच होते. बांधावरच्या आंब्यांचे आणि शेजारच्या पेरूच्या बागेतले नर त्या वासावर तुटून पडले होते. त्याची कारली मात्र सडत राहिली, आणि मांडवावरच्या गिलक्यांनाही डंख लागले. वेलवर्गीय भाज्यांची माशी वेगळी, झ्यूगोडॅकस कुकरबिटी. तिच्या नराला मिथाईल युजेनॉलचं काही देणंघेणं नाही, तो क्यूल्यूरच्या वासाला येतो. माझ्या एका चुकीच्या नावापायी त्या माणसाचे दोन तोडे गेले.

तुमचा फोटो त्यापेक्षा खूप चांगला आहे, कारण तो बरोबर वरून काढलाय. पाठीवर तीन पिवळे पट्टे दिसतात, दोन कडांना आणि एक मधोमध. हा मधला पट्टाच महत्त्वाचा. आंबा-पेरूवरच्या नेहमीच्या तीन माश्यांना कडेचे दोनच पट्टे असतात, मधला नसतो. शिवाय पंखाच्या पुढच्या कडेची तपकिरी पट्टी टोकाशी येऊन डागासारखी रुंद झालीय आणि पंखाच्या आतल्या भागात एक आडवी शीर धुरकटलेली दिसते. कारलं, गिलकं, दुधी, काकडी यांच्या मांडवात एवढ्या खुणा जमल्या की मी जातीचं नाव लिहायला कचरत नाही. पहिलं नाव पक्कं. (जुन्या पुस्तकांत हीच माशी डॅकस कुकरबिटी किंवा बॅक्ट्रोसेरा कुकरबिटी म्हणून सापडेल. तीन नावं, माशी एकच.)

पेरूवरच्या माशीचं तसं नाही. ती तुम्ही मागून काढलीय, पंख पाठीवर मिटलेले, चेहरा पानाआड. ॲपने तिला भूमध्य फळमाशी म्हटलंय. ते आधी खोडून टाका. सेराटायटिस कॅपिटाटा ही माशी भारतात नाही, ती देशात शिरू नये म्हणून बंदरांवर आणि विमानतळांवर फळं तपासतात. ॲप ज्या फोटोंवर शिकलं, त्यांत युरोप-अमेरिकेतल्या माश्यांचा भरणा जास्त, म्हणून त्याला आपल्या पेरूवरही तिकडचीच माशी दिसते. ॲपने कोणतंही नाव दिलं की पहिला प्रश्न एवढाच विचारायचा, ही आपल्याकडे सापडते का?

आपल्याकडे पेरूवर प्रामुख्याने बॅक्ट्रोसेरा वंशाच्या तिघींचा संशय घ्यायचा. डॉर्सालिसची पाठ बहुतेक वेळा काळी, आणि पंखाच्या पुढच्या कडेने एक अरुंद पट्टी सलग टोकापर्यंत जाते. झोनाटाचं अंग लालसर विटकरी, पट्टी सलग नाही, टोकाला सुटा डाग. करेक्टाच्या पंखालाही टोकाला तसाच सुटा डाग, पण पाठ काळपट. या दोघींत गोंधळ झाला तर चेहरा बघायचा. झोनाटाच्या चेहऱ्यावर दोन काळे ठिपके एकमेकांपासून सुटे असतात, करेक्टाचे ठिपके जुळून तोंडाच्या वर आडवी काळी रेघ होते. तुमच्या फोटोत पंखाचं टोक ढगळ आलंय आणि चेहरा नाहीच. म्हणून बॅक्ट्रोसेरा, पुढे काही नाही. सापळ्यापुरतं विचाराल तर तिघींचेही नर मिथाईल युजेनॉललाच येतात, त्यामुळे इथे अडायचं कारण नाही. पण नोंद ठेवायची असेल तर जात हवीच, आणि ती फोटोपेक्षा बरणीतून लवकर कळेल. बरणीचं शेवटी सांगतो.

आता कांद्याच्या डोंगळ्यावरची, म्हणजे फुलाच्या दांड्यावरची "मधमाशी". ती मधमाशी नाही. हा घोळ खानदेशात दर फेब्रुवारीत होतो, डोंगळे फुलले की. मधमाशीला चार पंख आणि बऱ्यापैकी लांब, कोपरासारख्या वाकलेल्या मिशा. तुमच्या फोटोतल्या जीवाला पंख दोनच, मिशा इतक्या आखूड की चेहऱ्यावर दोन तुसं टोचल्यासारख्या, आणि डोळे डोक्याचा बहुतेक भाग व्यापणारे. मागच्या दोन पंखांच्या जागी गाठीसारखे दोन छोटे दांडे असतात, संतोलक म्हणतात त्यांना. उडताना तोल सांभाळायला त्यांचा उपयोग. तुमच्या फोटोत डाव्या बाजूला तो पिवळसर दांडा चक्क दिसतोय, मोठा करून बघा.

ही सिरफिड माशी, म्हणजे हवेत एकाच जागी तरंगणारी. डोळ्यांवर बारीक गडद ठिपके आहेत, आणि पंखातली एक लांब शीर मध्येच खाली झोल घेऊन परत वर येते, चारपाईची दोरी सैल पडल्यासारखी. या दोन खुणांवरून वंश एरिस्टॅलिनस. जातीसाठी पाठीवरचे पट्टे, पोटावरचे पट्टे आणि मागच्या पायाच्या मांडीचा रंग एकत्र बघावा लागतो, आणि पोट तर फुलात बुडालंय. या वंशाच्या अळ्या घाण, कुजक्या पाण्यात वाढतात, शेपटासारखी लांब श्वासनळी पाण्याबाहेर काढून. पण सिरफिडांच्या दुसऱ्या कितीतरी जातींच्या अळ्या पानावरचा मावा फस्त करतात. मावा दिसला म्हणून फवारा मारण्याआधी पान उलटं करा. माव्याच्या गर्दीत पाय नसलेली, हिरवट किंवा मळकट, पुढून निमुळती अळी सरपटत असेल तर ती तुमचंच काम करतेय. हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी फवारे चालूच असतात.

खिडकीच्या गजावरच्या करड्या माशीला तुम्ही घरमाशी म्हटलंय. पाठीवरच्या काळ्या रेघा मोजा. घरमाशीला चार असतात. हिला तीन आहेत, ठसठशीत, आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखी चौकट. ही मांसमाशी, कुळ सार्कोफॅगिडी. ती चौकट फसवी आहे बरं का. अंगावरच्या राखेसारख्या थरावर उजेड कोणत्या बाजूने पडतो त्यावर काळा-पांढरा चौकोन बदलतो. एकाच माशीचे दोन फोटो दोन वेगळ्या माश्यांचे वाटतात. जात मात्र नराचं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली उघडून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. बहुतेक मांसमाश्यांचं असंच आहे. कोणी या कुळातल्या माशीचं मोबाइल फोटोवरून पूर्ण नाव छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्या बाकीच्या उत्तरांकडेही जरा संशयानेच बघा.

गोठ्यातली, बैलाच्या पायावरची, तीही करडीच. पण हिच्या डोक्याखालून सुईसारखी सोंड सरळ पुढे आलीय. घरमाशीची सोंड मऊ, स्पंजासारखी, खाली लोंबणारी. ती चाटते, टोचू शकत नाही. "पावसाळ्यात घरमाश्या चावायला लागतात" असं आपल्याकडे म्हणतात ना, त्या घरमाश्या नव्हेतच, या आहेत. वंश स्टोमोक्सिस, बहुधा कॅल्सिट्रान्स. नर-मादी दोन्ही रक्त पितात. शेण आणि मूत मिसळून कुजलेला चारा हे त्यांचं पाळणाघर. बैल सारखा पाय आपटत असेल तर आधी दावणीखालचा तो ओला थर उचला. दुकानदाराने दिलेली बाटली त्यानंतर.

हिरव्या चकचकीत माशीचं थोडक्यात सांगतो. कुळ कॅलिफोरिडी. क्रायसोमिया की ल्युसिलिया, हे ठरवायला पंखाच्या बुडाशी असलेल्या शिरेवर केसांची ओळ आहे का ते बघतात. तुमच्या फोटोत ती जागा पांढरी फटक पडलीय, फ्लॅश उलटून आलाय. अंगाचा हिरवा-निळा रंग ओळखीला फारसा कामाचा नाही, उजेड हलला की तो बदलतो. तुम्ही विचारलंय, गुरांच्या जखमेत किडे पडतात ते हिचेच का? असू शकतात, पण बसलेल्या माशीवरून ते ठरवू नका. क्रायसोमिया बेझियाना जिवंत मांसातच अळ्या वाढवते, आणि तिच्यासारखीच दिसणारी मेगासेफाला बहुधा मेलेल्या प्राण्यावर आणि घाणीवर. जखमेतल्या पाच-सहा अळ्या पशुवैद्यकाला काढायला सांगा, कडक गरम पाण्यात टाकून मारा, मग स्पिरिटमध्ये ठेवा. अळीच्या मागच्या टोकाला श्वासरंध्रं असतात, त्यावरून तज्ज्ञ सांगतो. तोवर जखमेवर उपचार थांबवायचे नाहीत.

दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, कोवळ्या रोपावरची पिटुकली माशी पाहून मला आनंद झाला, कारण तिचा फोटो सहसा कोणी काढत नाही. जेमतेम चार मिलिमीटर, पाठ राखाडी, पोट पिवळं आणि त्यावर काळ्या ठिपक्यांच्या जोड्या. वंश अ‍ॅथेरिगोना. ज्वारीची खोडमाशी, अ‍ॅथेरिगोना सोकाटा, याच वंशातली. तुम्ही बाजूच्या रोपाचा पोंगा ओढून पाहिलात, तो अलगद हातात आला आणि बुडाशी कुजका वास होता असं लिहिलंत. ती पोंगेमर. ज्वारीत पोंगेमर दिसली की संशय थेट सोकाटावर जातो, आणि मीही तसाच घेतोय. पण हे मी माशीवरून नाही, पिकावरून म्हणतोय, हा फरक लक्षात ठेवा. माशीवरून म्हणायचं तर नर हवा, आणि त्याच्या पोटाच्या टोकाचा तीन पाकळ्यांसारखा अवयव दिसायला हवा. पानाच्या खालच्या बाजूला पांढरं, लांबट, एकेकटं अंडं दिसलं तर तेही टिपून ठेवा.

उरलेल्या दोन सोप्या. मोरीच्या भिंतीवरचा, पानाच्या आकाराचे केसाळ पंख पसरून बसलेला "छोटा पतंग" म्हणजे क्लॉग्मिया अल्बिपंक्टाटा. पंखाच्या कडेला पांढरे ठिपके आणि मध्ये दोन काळसर डाग. ती चावत नाही, नळीच्या आतल्या चिकट गाळात वाढते. दुसरं नाव पक्कं. घरात कोणीतरी "हाई काय शे?" म्हणून ओरडलं असेल, त्यांना सांगा घाबरू नका, नळी घासा. आणि केळीच्या सालीवरची, डोक्यापासून पाठीवर चांदीसारख्या पांढऱ्या रेघा, प्रत्येक रेघेला काळी किनार, ती झॅप्रिओनस इंडियानस. या वंशाच्या आणखी जाती आहेत, पण तुमच्या फोटोत रेघा इतक्या स्वच्छ आल्यात की मी नाव लिहून टाकतो. तिसरं.

आता फोटोबद्दल. तुमच्या नऊपैकी सहांत मोबाइलचा झूम पूर्ण ताणलाय. तसं करू नका. झूम न करता किंवा अगदी थोडा करून जवळ जा आणि नंतर कापा. चिमट्यासारखी अडकवायची मॅक्रो भिंग काही शेकड्यांत मिळते, तिच्यासारखी दुसरी खरेदी नाही. फ्लॅशवर पातळ पांढरा कागद धरा, म्हणजे पंख चमकणार नाहीत. प्रत्येक माशीचे निदान चार फोटो हवेत: बरोबर वरून, बरोबर बाजूने, समोरून चेहरा, आणि एक पंख उघडा असताना. तिरका फोटो दिसायला छान, ओळखायला निरुपयोगी. जवळ पट्टी किंवा आलेखाचा कागद ठेवलात तर मिलिमीटर कळतात. माझी एक मोठी तक्रार व्हॉट्सॲपबद्दल आहे. तिथून साधा पाठवलेला फोटो चिरडला जातो आणि नेमके केसच आधी जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मोबाइलमधली "सुंदर करणारी" सोयही बंद ठेवा, ती नसलेल्या रेघाही काढून देते.

वेळ निवडा. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी माशी पाऱ्यासारखी पळते. दिवाळी ते संक्रांत, सकाळी साडेसातच्या आत, त्या गारठ्याने सुस्त असतात. सिरफिड तर पानावर ऊन खात बसतात, हात लावेपर्यंत हलत नाहीत. माशी हाती लागलीच तर बरणीत घालून चार-पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा (बर्फाच्या कप्प्यात नको), मग पांढऱ्या ताटलीवर काढा. शुद्धीवर यायला मिनिट-दोन मिनिटं लागतात, तेवढ्यात चारही बाजू होतात. सातपुड्याच्या अभयारण्यात मात्र पकडापकडी नको, तिथे परवानगी लागते.

एका बाबतीत फोटो नमुन्यापेक्षा वरचढ आहे, तेही सांगतो. गुरांना चावणाऱ्या मोठ्या टॅबॅनिड माशीच्या डोळ्यांवर जिवंतपणी हिरवे-जांभळे पट्टे असतात. मेली आणि वाळली की ते उडून जातात. टाचणीला लावलेल्या जुन्या माशीत उरतो तो काळपट डोळा. तुमच्या गोठ्यात ती आली तर तिचा चेहरा समोरून काढाच. दोन्ही डोळे कपाळावर चिकटलेले असतील तर नर, मध्ये पट्टी असेल तर मादी.

फोटोवर भागणार नसेल, माशी पिकाचं नुकसान करतेय आणि जात कळायलाच हवी, तर नमुना घेऊन पाल किंवा ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. त्याहून वरचा प्रश्न असेल तर भारतीय प्राणी सर्वेक्षण आहे, १९१६ पासून हेच काम करतं, त्यांचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे.

आणि ती पेरूची बरणी. डंख लागलेले, मऊ पडलेले चार-पाच पेरू घ्या. रुंद तोंडाच्या बरणीत तळाला तीन बोटं कोरडी चाळलेली वाळू घाला, वर पेरू, तोंडाला जुन्या धोतराचं कापड रबराने बांधा. बरणी सावलीत ठेवा आणि मुंग्या येऊ नयेत म्हणून पाण्याच्या परातीत उभी करा. पेरूचं पाणी सुटलं तर वाळू बदला, नाहीतर अळ्या बुडून मरतात. अळ्या फळातून बाहेर पडून वाळूत कोष करतात, आणि उन्हाळ्याच्या आसपास आठ-दहा दिवसांत माश्या निघतात, थंडीत जास्त लागतात. पहिली निघाली की लगेच फोटो काढू नका. नुकती निघालेली माशी फिकी असते, पंखावरची पट्टीही नीट उठलेली नसते. कापसाचा बोळा साखरेच्या पाण्यात भिजवून आत ठेवा, दोन दिवस थांबा, मग फ्रिज, ताटली आणि समोरून चेहरा. ठिपके सुटे आहेत की जुळलेले, एवढंच मला कळवा. बरणीवर तारीख आणि बागेचं नाव तेवढं लिहून ठेवा.